नवाबचा नायलॉनचा लगाम

लगाम माझ्या हातात होता. फकस्त तो घोड्याच्या तोंडात नव्हता.

मी दोन्ही हातानं वढून राहिले, "हो, हो, नवाब, हो!" करून राहिले, आन वढता वढता सगळा लगामच माझ्या मांडीवर येऊन पडला, लोखंडाच्या कडीसकट, आन कडी सगळी घोड्याच्या थुक्यानं भरलेली! म्होरं माझं चार वर्षाचं लेकरू, सम्यक, मुठीत आयाळ धरून बसलेलं. खाली नवाब, मोकळ्या तोंडाचा, दुडक्या चालीनं निघालेला. आन वर मी, आयुष्यात पयल्यांदा घोड्यावर बसलेली. (दुसऱ्यांदा बसायची वेळ येती का न्हाई, ते तवा नक्की नव्हतं.)

"मम्मी, आनखी पळव!" सम्यक मनला.

मी पळवत नव्हते. मी नुसती वर होते.

आता हे कसं झालं ते सांगते. घोडा काय तवर थांबत न्हाई.

आमचं गाव कंधारच्या पुढं, माळाला. सम्यकच्या पप्पांनी तीन जनावरं पाळलीत, नवाब आन दोन घोड्या. आधी वरातीला द्यायचे, आता रविवारी नांदेडची, लातूरची माणसं येतात, त्यांना माळावरून डोंगराच्या तळ्यापस्तोर फिरवून आणायचं. ह्याला ट्रेल मनतात. गावात ह्याला रिकामं फिरणं मनतात, पण ट्रेल मनलं की लोक पैसे देतात.

घोडे ह्यांचे, पण लगामाला तेल लावायचं काम माझं! चामड्याला तेल न्हाई लावलं तर ते पापडावानी मोडतं, लावलं तर उंदरं खातात. पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी येती, हिरवी, मऊ, पोपटाच्या पिल्लावानी. करडीचं तेल आमच्या भाजीला एक पळी आन लगामाला तीन. सासऱ्याचं तर येगळंच दुखणं. ते बाजेवर बसून मनायचे, "माझ्या बापानं धम्म घेतला तवाच मेलेल्या ढोराचं काम सोडलं. घरातून गेलेलं चामडं आता घोड्यावर बसून वापस आलं का?" सासऱ्याचं आन माझं कवा जमत न्हाई, पण ह्या एका गोष्टीत आमी दोघं एका पार्टीचे.

"चामड्याला जीव असतो," हे मनायचे. "नायलॉन म्हंजी प्लास्टिक."

"मग प्लास्टिकच्या घागरीतलं पाणी कामून पेता?"

ह्याच्यावर ते उठून घोड्याला पाणी पाजायला गेले. म्हंजी मी जिंकले असं मी धरलं.

मी शिलाई मशीन चालवते. शाळा आठवीपस्तोर झाली, पण माझा शिवलेला ब्लाऊज आजपस्तोर कुणाचा वापस आला न्हाई. मी कंधारहून दप्तराचा पट्टा आणला, जाड, नारंगी रंगाचा, आन नवाबच्या तोंडाचं माप घेतलं. (म्हंजी ह्यांनी घेतलं, मी लांब उभी राहून आकडे लिव्हले.) जुनी लोखंडाची कडी त्याच्यात अडकवली. पट्टा तुटतो का बगायला ह्यांनी तो लिंबाला बांधून स्वतः लोंबकळून बगितलं. पट्टा न्हाई तुटला. फांदी तुटली.

एकच गोष्ट झाली. ब्लाऊजला हूक पाठीवर घ्यायची मला सवय, तसं मी लगामाचं बक्कल बी मागं, मानेवर घेतलं. वरून पट्टा वीतभर जास्त सोडला, उद्या अंगावर आलं तर उसवता यावं मनून. (घोडा काय बाळंतपणानं जाड होणार होता? पण हाताची सवय.) आन बक्कल लावलं दप्तराचंच, काळं, दोन बाजूनं दाबलं की टक करून सुटणारं. उरलेल्या पट्ट्याचं मी सम्यकला अंगणवाडीचं दप्तर शिवलं. त्याला बी तेच बक्कल.

हुशार माणसाला आता पुढचं समजलंच असंल. मला नव्हतं समजलं.

त्या रविवारी लातूरहून एक बँकेतल्या मॅडम आल्या आन त्यांचे मिस्टर. मॅडमच्या डोक्याला टोपी, पायात गुडघ्यापस्तोर बूट. त्यांनी पुण्याला घोड्याचा क्लास केलेला. सरांनी काहीच केलेलं नव्हतं, ते नुसते मॅडमच्या संगं आलेले. मॅडमनी लगामाला बोट लावलं आन मनल्या, "हे नायलॉन आहे? आम्ही क्लासमध्ये फक्त लेदरच वापरायचो. हे सेफ आहे का?"

ह्यांनी माझ्याकडं बगितलं. काय बोलले असते तर मी गप बसले असते. पण त्यांनी नुसतं बगितलं, 'मी तुला काय मनत होतो' असं. असं बगितलं की माझं टाळकं फिरतं.

"मॅडम," मी मनले, "लेदर तुटतं. हे तुटत न्हाई. भिजलं तरी कडक व्हत न्हाई, घोड्याचं तोंड सोलत न्हाई, संध्याकाळी पावडरीनं धुवा, सकाळी वाळलेलं!"

"पण तुम्ही स्वतः बसता का ह्याच्यावर?"

"मी?" मी मनले. "मी तर लेकराला घेऊन बसते!"

(त्या दिवसापस्तोर मी नवाबला चारा बी लांबून फेकत होते.)

हे मनले, "काय मनलीस?"

"मनले ते मनले."

"अगं पण..."

"मॅडमसमोर अगं-बिगं करू नका. चढवा मला!"

मग ओट्यावर उभी करून मला चढवलं. म्होरं सम्यकला दिलं. वरून बगितलं तर जिमीन इतकी खाली गेलेली की मला उदगीरच्या किल्ल्याच्या बुरुजाची आठवण झाली, तिथं बी मी डोळे झाकूनच उतरले होते. पण मॅडम बगून राहिल्या होत्या. मी हसले. सासरे बाजेवरून मनले, "लेकराला धर, सूनबाई, लगाम काय पडत न्हाई." आमी निघालो. मी म्होरं, मागं मॅडम, त्यांच्या मागं सर, आन नवाबच्या बाजूनं हे पायी.

माळाला लागलो तवा सरांची रिकीब लांब झाली, पाय पोचंना. हे मनले, "नवाब उभा ऱ्हातो. दोन मिन्ट." आन मागं गेले.

दोन मिन्टात सम्यक घोड्याच्या मानेवर आडवा झाला, दोन्ही हात लांब केले.

टक.

मी आवाज ऐकला. खोटं कामून बोलू? पण घरात तो आवाज दिवसातून शंभरदा येतो, मनून मी लक्षच दिलं न्हाई. मी मनले बी, "नगं खेळू त्याच्यासंगं, मोडंल." मग नवाबनं मान झटकली, कडी तोंडातून सुटली, आन पुढचं तुमाला म्हाईत हाय.

डोंगराची वाट डाव्या हातानं जाते. नवाब उजव्या हातानं वळला. मी डाव्या हाताला वढलं. काय वढलं? माझ्याच मांडीवरचा पट्टा माझ्याच हातानं वढला! मागच्या दोघी घोड्यांना एकच शिकवलेलं, म्होरच्याच्या मागं जायचं. त्या बी वळल्या. मॅडम वळल्या. सर एका रिकिबीत वळले. हे एका चपलीनं पळून राहिले, "अगं वढ! लगाम वढ!"

"वढून ऱ्हायले की!"

"जोरात वढ!"

"आता घरी नेऊन वढू का?"

मागून मॅडमचा आवाज आला, "ताई, काय कंट्रोल आहे हो तुमचा! हातसुद्धा हलत नाहीत!"

हात हलत नव्हते हे खरं हाय. एक हात सम्यकच्या पोटाला होता, एक आयाळीत, आन दोन्ही लाकडाचे झालते. मला एकच दिसून राहिलं होतं. म्होरं सडक, सडकेवर उसाचे ट्रॅक्टर, आन माझं लेकरू हसून राहिलेलं. मी मनात मनले, आता जो कोणी दिसंल त्याच्या हातात लेकरू देते, मग माझं काय व्हायचं ते होऊ दे.

सडकेच्या अलीकडं मोठा लिंब हाय. नवाब थेट लिंबाखाली गेला आन उभा राहिला, जणू तिथं खुटी हाय. खाली चार माणसं पत्ते खेळून राहिलेली. एकानं वर बगितलं, घोडा वळकला, मंग मला बगितलं.

"आं? आज वहिनी खेळायला आल्या का?"

म्हंजी आमचे हे रोज नवाबला तळ्यावर नेतो असं मला सांगून हितं येतात! पण तवा माझ्याकडं रागाला जागा नव्हती.

"भाऊजी, लेकरू धरा हो! उतरवा त्याला!"

"धरतो की. एवढा हुकूम पडू द्या."

"अहो लगाम न्हाई घोड्याला!"

"दिसतंय की." त्यानं एक पान टाकलं. "त्याला काय लागतो लगाम? त्याची रोजची वाट हाय."

दुसरा उठून राहिला होता, खरं सांगते, गुडघ्यावर हात ठेवून अर्धा उठला बी. पण नवाबचा तिथला टाइम संपला असंल. तो निघाला. अर्धा उठलेला माणूस परत बसला.

सडकेला लागलो. एक ट्रॅक्टर आला, वर ऊस, आन डेकवर गाणं. मी सम्यकला पोटाशी असं आवळलं की तो मनला, "मम्मी, शू येईल." नवाब सडकेच्या कडंकडंनं, सरकारी माणसावानी, डोकं खाली घालून चालला. त्यानं ट्रॅक्टरकडं बगितलं बी न्हाई. दोनशे पावलावर पत्र्याची टपरी होती, खाजाभाईची. नवाब तिथं जाऊन उभा राहिला आन टपरीच्या फळीवर तोंड ठेवलं.

"अरे नवाब! आगया क्या? आज लेट कैकू?" खाजाभाईनं वर न बगता गुळाचा खडा नवाबच्या तोंडात घातला, आन दुसऱ्या हातानं सवयीनं गुटख्याच्या दोन पुड्या वर केल्या. माझ्या नाकासमोर!

सम्यक पोटात होता तवा ह्यांनी पुडी सोडली होती. माझ्या पोटावर हात ठेवून शप्पथ घेतली होती.

खाजाभाईनं मान वर केली. पुड्या खाली गेल्या.

"भाभी?"

"लेकरू धरा," मी मनले. आन सम्यकला त्यांच्याकडं वाकवलं.

ते माणूस फळीवरून उडी मारून आलं. "लाओ, लाओ. डरो नक्को भाभी, ये तो गाय है गाय." त्यांनी सम्यकला काखेत धरून खाली घेतलं, जिमिनीवर उभं केलं. दोन पाय, दोन हात, डोकं, सगळं जागच्या जागी. खाजाभाईनं त्याच्या हातात बिस्कीट दिलं. तवा कुठं मी श्वास घेतला. तो श्वास घेताना मला रडू आलं, पण मॅडम आल्या मनून मी ते गिळलं आन लगाम ओढणीखाली सरकवला.

मॅडम आल्या, लाल झालेल्या, खूश. सर आले, पिवळे झालेले. सगळ्यात मागून आमचे हे, घामानं भिजलेले. ते पयले सम्यककडं पळाले, त्याला चाचपून बगितलं, उचललं. मग त्यांना मी दिसले. मग टपरी दिसली. मग फळीवरच्या पुड्या दिसल्या. माणसाचा चेहरा एवढ्या लवकर एवढ्या येळा बदलतो ते मी पयल्यांदा बगितलं.

"हे ट्रेलमध्येच होतं का?" मॅडमनी विचारलं. "आपण तळ्याला जाणार होतो ना?"

 खाजाभाई गुळाकडं बगून राहिले. ह्यांनी मॅडमच्या पाठीमागून माझ्याकडं बगून दोन्ही हात जोडले. मी जर मनले असते की घोडा आपल्या मनानं आला, तर मॅडमनी विचारलं असतं, लगाम कुठाय. लगाम दाखवला असता तर विचारलं असतं, बक्कल कुणी शिवलं.

"हाव मॅडम," मी मनले. "हा पयला थांबा हाय."

"अच्छा! आणि लगाम काढून ठेवला?"

"घोड्याला गूळ खायाचा असतो ना. हितं काढायचाच असतो."

"वा!" मॅडम मनल्या. "किती विचार केलाय ह्या लोकांनी!" त्यांनी चहा घेतला, सरांना पाणी पाजलं, नवाबच्या गुळाचे फोटो काढले.

आता बक्कल लोखंडाचं हाय, गळ्याखाली लावलेलं, लेकराचा हात पोचत न्हाई. पट्टा मातर नायलॉनचाच. पण मॅडमनी ते फोटो सगळ्या बँकेत दाखवले, आन आता येणारं हर एक गिऱ्हाईक मनतं, तळं न्हाई दाखवलं तरी चालंल, पण तो गुळाचा थांबा दाखवा. मनून दर रविवारी हे उजळ माथ्यानं टपरीवर जातात. मी तोंडाचा वास घेतला की मनतात, "मी काय करू? थांबा तूच ठरवून दिलास." सासऱ्याला इचारलं तर ते बी मनतात, "सूनबाईनंच ठरवला."

आमच्या शेजारणी मनतात, तू त्याच दिवशी मॅडमसमोर खरं बोलायला पायजे होतं. बोलले असते की! पण खरं बोलून झाल्यावर माणसाला तिथून ताडताड निघून जाता यावं लागतं. आन मला तर घोड्यावरून खाली उतरताच येत नव्हतं. तुमी असता तर काय केलं असतं?