पत्रकाच्या तळाची ओळ

अनोळखी माणसानं दाराखालून पुडी सरकवली, तर तुम्ही ती उघडून तोंडात टाकाल का? मग कुठूनही आलेल्या, प्रोग्राम बसवणाऱ्या एक्झी फाइलवर डबल क्लिक कसं करता?

आमचं घर शनवारा मोहल्ल्यात. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली, वाटली. कुठलंही पत्रक हातात आलं की ते आधी तळाची ओळ वाचतात: मुद्रक कोण, प्रकाशक कोण. नाव नसेल तर मजकूर कितीही पेटता असो, बाजूला. मी वाचायला शिकले तेच त्या ओळींवर.

त्या वर्षी शाळेतला मराठीचा वर्ग बंद करायचं घाटत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पालकांमध्ये वाटण्याचं पत्रक माझ्या कॉम्प्युटरमध्ये अर्धवट पडलं होतं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर ऐन वेळी रुसलं, म्हणून जवळच्या निंबोला गावातला मित्र पेन ड्राइव्हवर दुसरं घेऊन आला. त्यानं क्लिक केलं. चौकट आली: चालू द्यायचं का? पब्लिशर: अननोन.

"यस कर ना यार, टाइम कुठंय?"

"निनावी आहे ते!"

"झालं हिचं भाषण सुरू! पत्रक थोडीच आहे?"

मागून बाबा म्हणाले, "पत्रक वाचून फेकता येतं. हे घरात शिरून राहील. पोरी, तुझं अर्धं पत्रकही खाईल."

मी नो दाबलं. मित्र भांडायलाच उठला: चौकटीत नाव दिसायला फाइलवर डिजिटल सही लागते, ती मिळवायला पैसे लागतात, मग गरिबाची फाइल चोर का? मुद्दा खरा होता. नुसतं नाव नाही म्हणून फाशी देता येत नाही. म्हणून बनवणाऱ्यांच्या वेबसाइटवरून तीच आवृत्ती उतरवली. तिच्या प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सही होती, नावासकट. मित्राच्या फाइलला सही नव्हती आणि आकार जवळपास दुप्पट. मधेच कुणीतरी काहीतरी कोंबलं होतं. अनेक अँटिव्हायरस एकदम तपासतात त्या साइटवर ती टाकली, तर धोक्याचे लाल इशारेच इशारे.

"म्हणजे मी निंबोल्याहून व्हायरसला मांडीवर बसवून आणलं?"

"तिकीट काढलंस का त्याचं?" बाबांनी विचारलं. आमची हसून मुरकुंडी वळली.

मूळ फाइल बसवली, पत्रक पुरं झालं, तळाशी माझं नाव गेलं. शाळेच्या फाटकावर एका पालकानं आधी तेच वाचलं आणि मग वर्ग चालू ठेवण्याच्या अर्जावर सही केली. त्या वर्षी वर्ग टिकला.

तुमच्याकडे एकच मागणं. पुढच्या वेळी ती चौकट आली की नावाची ओळ वाचा. नाव नसेल तर नो दाबा, फाइल बनवणाऱ्याच्याच दारातून आणा. आणि ज्यानं ती पाठवली, त्यालाही सांगा.