कोंडा की लिखा

आई बाळंतपणासाठी बोर्ली पंचतनला माहेरी गेली तेव्हा मी मराठी दुसरीत होते. नागावच्या घरात वडील, मी आणि आत्या असे तिघेच उरलो. आत्या वडिलांची थोरली बहीण. लहान वयातच विधवा होऊन परत आलेली. डोईवर केस नाहीत, अंगावर लाल आलवण. माझं जेवणखाण, परकर-पोलकी सगळं ती बघायची. फक्त माझी वेणी घालायची नाही. आपला हात पोरीच्या केसांना लागू नये, असं तिच्या मनानं घेतलं होतं. शेजारच्या काकू सवडीनं कधीतरी विंचरून द्यायच्या, तेही घाईघाईत.

भातकापणीच्या सुमाराला माझं डोकं खाजू लागलं. एकदा शाळेत शेजारची मुलगी माझ्या खांद्यावरचे पांढरे कण बघून बस्कर उचलून लांब जाऊन बसली. हिच्या डोक्यात उवा झाल्यात, असं तिनं सगळ्यांना सांगितलं. बाई पुण्याहून शिकून आलेल्या, वयानं तरुण. त्या मला रागावल्या नाहीत. घरच्या कुणाला तरी शाळेत घेऊन ये, एवढंच म्हणाल्या.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. वडील तापट नव्हते, पण अशा गोष्टींत त्यांना काही सुचायचं नाही. आत्या पडवीत बिरडं सोलत बसली होती. वडील तिला म्हणाले, "अक्का, परवा तुझ्यासाठी न्हावी यायचाच आहे. हिचेही काढून टाकू. वाढतील परत."

आत्याचे हात थांबले. खाली बघतच ती म्हणाली, "माझ्या पाटावर ती बसायची नाही."

वडील वाडीत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळेला आत्या मागच्या पाणंदीनं शाळेत आली. देवळापलीकडे ती एरवी कुठं जात नसे. पदर कपाळापर्यंत ओढून ती दाराशी उभी राहिली. मुली पांगल्यावर बाईंनी मला उन्हात पायरीवर बसवलं आणि केस मोकळे केले. भांगावर त्यांनी हलकी फुंकर मारली, तसे पांढरे कण माझ्या मांडीवर पडले. फुंकरीनं उडतो तो कोंडा, असं त्यांनी आत्याला सांगितलं. मग कानामागचे केस वर धरून म्हणाल्या, "हे बघा. हे उडत नाही."

आत्या लांबूनच वाकून बघत होती. तिथून दिसायचं नाही, बोटांनी चाचपायला हवं, असं बाई म्हणाल्या. आत्या मागं सरली.

"माझा हात नको तिच्या डोक्याला."

"तुम्ही आत्या ना तिच्या?" बाईंनी विचारलं, आणि आत्याचा हात धरून माझ्या कानामागं नेला.

तिची बोटं गार होती. तिनं तो केस चिमटीत धरून हळूच ओढला. कण जागचा हलला नाही. दोन नखांत धरून पार टोकापर्यंत ओढत नेला तेव्हा कुठं निघाला. ती लीख. अशा थोड्याच निघाल्या, सगळ्या कानामागं आणि मानेवर. बाकी सगळा कोंडाच होता. केस कापायची काही गरज नाही, रोज बारीक दातांची फणी फिरवा आणि कोंड्याला खोबरेलात लिंबू पिळून लावा, असं बाईंनी सांगितलं. जाताना आत्यानं त्यांना नमस्कार केला. बाईंनीही वाकून केला.

न्हावी आला तेव्हा वडिलांनी माझा विषय काढला नाही.

त्या दिवसापासून दुपारी मागच्या पडवीत आत्या मला पुढ्यात घेऊन बसायची. सुरुवातीला हात बिचकत चालायचा. पुढं एक एक बट वेगळी करून ती निवांत बघत राहायची, लिखा संपल्या तरी. एकदा फणी खाली ठेवून तिनं माझी चौपेडी वेणी घातली. लग्नाआधी तिची स्वतःची तशी असायची, असं तिनं सांगितलं. त्याआधी तिच्या केसांबद्दल मी कधी काही ऐकलं नव्हतं.

आई बाळाला घेऊन आली तेव्हा तिनं माझी वेणी हातात घेऊन पाहिली. आत्या चुलीपाशी पाठमोरी उभी होती.

"वन्सं," आई म्हणाली, "मला काही अशी जमायची नाही. तुम्हीच घालत जा."

आत्यानं मान हलवली आणि बाळाच्या अंघोळीचं पाणी उतरवायला घेतलं.