बुचाची मूठ कुणी काळी केली

अन्याय माझ्या मामावर झाला. पोळ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेआठला, तलावाच्या बांधावर, दहा-बारा गळवाल्यांच्या देखत.

मामा एमआयडीसीत सळयांच्या रोलिंग मिलमध्ये कामाला. सुट्टीच्या दिवशी मासे धरतो आणि लोकांचे फिशिंग रॉड दुरुस्त करून देतो. चांगल्या रॉडची मूठ बुचाची असते, बाटलीच्या बुचासारखी मऊ. तिला हात लावण्याआधी मामा दोनदा साबणानं हात धुतो, नखंसुद्धा घासतो.

उन्हाळ्यात बियाणे कंपनीतला एक साहेब नवाकोरा रॉड घेऊन आला. टोकाची कडी बसवायची होती. मुठीवर दुकानातलं प्लास्टिक तसंच.

"साहेब, हे काढा. आत पाणी मुरतं, बूच सडतं," मामा म्हणाला.

"राहू द्या हो. नवा हाय, नवाच दिसू द्या."

त्याच्या गाडीच्या सीटांवरही प्लास्टिक होतं. आपल्याकडं ही खोडच आहे, वस्तू घ्यायची आणि तिला हवा लागू द्यायची नाही. मामानं कडी बसवली, मुठीला बोटही न लावता रॉड परत दिला.

पावसाळाभर तो रॉड ओलाच्या ओला डिकीत पडला. त्या रविवारी प्लास्टिक फाटलं. आत काळी बुरशी आणि घाण वास. साहेबानं रॉड उंच धरला.

"बघा रे, रोलिंगवाल्याचा हात लागला की असं होतं! काय उस्ताद, बूच घासलं का सळई?"

सगळे खिदळले. मामा एवढंच म्हणाला, "द्या, साफ करून देतो."

घरी मी भडकलो. "मामा, कशाला करून राह्यला त्याचं?"

"बुचाचा काय गुन्हा?"

कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब, जुना टूथब्रश, हलका हात. भिजत ठेवायचं नाही. मूठ दोन दिवस सावलीत वाळवली. दुसऱ्या बुचाचा भुगा डिंकात कालवून खड्डे भरले, ते सुकल्यावर बारीक पॉलिश पेपर फिरवला. मूठ गव्हाळ निघाली.

साहेबानं येऊन मूठ दाबून बघितली. "झकास!" माफी नाही. उलट डिकीतली पॉलिथिन काढून तिथंच मुठीला गुंडाळायला लागला.

"साहेब, याच्यानंच सडली ती!" मी ओरडलो.

"पोरगं लय बोलतंय तुमचं," मामाला एवढं सुनावून तो गेला.

तेव्हापासून मामाला कुणी रॉड देत नाही. त्याच्या हातात मूठ काळी पडते म्हणे. जिथं लोक त्याला बोलावून बोलावून जागा द्यायचे, तिथं तो आता पार टोकाला एकटा बसतो.

त्या दहा-बारांत तुम्ही असाल, तर येत्या रविवारी बांधावर या आणि मामाला सांगा, "मूठ प्लास्टिकनं सडली, तुमच्या हातानं नाही." बाजूला घेऊन कानात सांगू नका. हसला होतात तेवढ्याच मोठ्यानं सांगा.