जाम चौकातला मिस्डकॉल

२००८ साली वर्धा जिल्ह्यातल्या जाम गावाच्या चौकात रस्ता रुंद करायचं काम सुरू होतं. कंत्राटदाराची माणसं मनात येईल तेव्हा वाहतूक अडवत. कधी सोडणार, ते कुणी सांगत नसे. मयुरीची मोठी बहीण गंगा बाळंतकळा सोसत, भाड्याची जीप चालवणाऱ्या तानबाच्या गाडीत तिथं तीन तास अडकली. वर्ध्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं होतं. खेड्यांतून जाणारा आतला रस्ता त्या दुपारी मोकळा होता, हे तानबाला दुसऱ्या दिवशी कळलं.

मयुरी जामलाच कॉम्प्युटरचे वर्ग चालवायची. सव्वीस वर्षांची, तोंडानं फटकळ. ती तरातरा कंत्राटदाराच्या ऑफिसात गेली.

"रस्ता बंद करता तं गाववाल्याइले आधी सांगत काऊन नाई?"

तिथला साहेब चहा पीत होता. "मॅडम, कोणाकोणाला सांगू? रस्ता बांधू की फोन करत बसू?"

तिनं त्याला दोन शिव्या हासडल्या आणि वर्गात येऊन कॉम्प्युटरपुढं बसली. नऊ दिवस तिथून हलली नाही. जुना मोबाइल केबलनं कॉम्प्युटरला जोडला. रस्त्याकडेच्या पाच टपरीवाल्यांना त्याचा नंबर दिला. गाड्या थांबल्या की एक मिस्डकॉल, सुटल्या की लागोपाठ दोन. कुणाचा नंबर आला यावरून तिचा प्रोग्राम जागा ओळखायचा, वेळ लिहून ठेवायचा आणि सगळ्या जीपवाल्यांना आपोआप मेसेज पाठवायचा: 'जाम बंद, आतून जा.' लोडशेडिंगनं दोनदा घात केला, तेव्हा तिनं ट्रकची बॅटरी आणून इन्व्हर्टर बसवला.

"मले वाचता येत नाई वो," आलूबोंड्यांची टपरी चालवणारी मीराबाई म्हणाली.

"वाचाचं काईच नाई, काकू. हिरवं बटन दाबजो, वाजलं का लाल."

चाळीस दिवसांत रस्ता सत्तावन्न वेळा बंद झाला. मयुरीनं ती सगळी यादी छापली आणि समुद्रपूरला तहसीलच्या बैठकीत टेबलावर आपटली.

कंत्राटदाराचा साहेब हसला. "असं तर कोणीही घरी बसून टाइप करेल."

मयुरी काही बोलणार तोच तिच्यासोबत आलेल्या तानबाचा मोबाइल वाजला. त्यानं नुकताच आलेला मेसेज तहसीलदारांपुढं धरला: 'जाम बंद, आतून जा.' वेळ बारा दहा.

"चला न मंग," मयुरी ओरडली. "आताच्या आता चला! पाहा मी टाइप केलं का!"

तहसीलदारांनी गाडी काढली. जामच्या अलीकडे ट्रकांची रांग लागली होती. रस्त्यात ड्रम आडवे लावून मजूर झाडाखाली जेवत होते. मशीन बंद, काम बंद. रांगेतल्या एका गाडीत सलाईन लावलेला म्हातारा मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. तहसीलदारांनी स्वतः ड्रम ढकलले.

त्या आठवड्यापासून पेशंटच्या गाड्यांसाठी एक बाजू कायम मोकळी राहू लागली. महिन्याभरानं तोच साहेब वर्गात आला. "मॅडम, तुमचा प्रोग्राम आम्हाला द्या ना."

"पयले गंगाच्या घरी जा," मयुरी म्हणाली. "तिच्या समोर बसा. तिले सांगा, त्या दिवशी रस्ता कायच्यासाठी बंद होता."

तो गंगाकडे कधी गेला नाही. प्रोग्राम मयुरीकडंच राहिला.