हापसा दुरुस्त करणारा

त्र्याण्णव-चौऱ्याण्णव सालची गोष्ट. जामखेड तालुक्यातल्या एका शाळेत मी नवा विज्ञान शिक्षक होतो आणि स्वतःला शास्त्रज्ञच समजत होतो. त्या दिवशी ताटलीतल्या पाण्यात मेणबत्ती पेटवून मी तिच्यावर काचेचा ग्लास पालथा घातला. मेणबत्ती विझली, पाणी ग्लासात चढलं. "ऑक्सिजन जळून संपला, त्याची जागा पाण्याने घेतली," मी ऐटीत सांगितलं.

शाळेचा हापसा दुरुस्त करायला आलेला माणूस दारात उभा राहून बघत होता. ग्रीसचे हात चिंधीला पुसत तो हळूच म्हणाला, "सर, मग जळत हुती तवाच पानी चढाया पायजे हुतं. ते तर इझल्यावर चढलं."

"तुम्ही हापसा बघा," मी म्हणालो. तो हापशाकडे वळला.

घरी मी तोच प्रयोग चार वेळा केला. चारही वेळा मेणबत्ती विझल्यावरच पाणी सरसर चढलं. आतली तापलेली हवा गार होऊन आकसत होती, हे मला, विज्ञानाच्या पदवीधराला, तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. त्या हापसेवाल्याची माफी मागायची होती, पण हापसा चालू करून तो पुढच्या गावाला निघून गेला होता.

पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "सर, आता ते काकाच शिकवाया येनार का?"