तोंडातली साखर

गोदाकाठच्या फुलबाजारात मी दुकानासाठी रोज ज्यांच्याकडून हार घ्यायचो, ते कुस्तीनं कान मोडलेले, भरदार मिशांचे गृहस्थ. गिऱ्हाइकाशी बोलताना तोंडात साखर. घरच्यांवर मात्र सतत खेकसणार. बायको, भाऊ, मुलगा, कुणाचीच सुटका नाही. एकदा मी हटकलं, तर म्हणाले, "आपल्याच माणसाला शिव्या देता येतात, शेठ."

मग एका वर्षी त्यांचं मुलावर ओरडणं थांबलं. तो पुण्याहून आला की ते "बसा, चहा घ्या" म्हणत, जसं मला म्हणत. मुलगा मान खाली घालून चहा प्यायचा. बऱ्याच दिवसांनी झेंडू ओवता ओवता, वर न बघता ते मला म्हणाले, "पोरीशी लग्न करायचं नाय म्हणतो. पुण्यात एका पोराबरोबर राहतो. नवराबायको राहतात तसं."

मी हार घेऊन निघालो.

पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मुलगा आला, सोबत चष्मा लावलेला एक तरुण. दोघं टेम्पोतून झेंडूच्या पाट्या उतरवत होते. तरुणाच्या हातून पाटी सुटली, फुलं रस्ताभर झाली. तो घाबरून उभाच राहिला. हे गृहस्थ हातातला हार ठेवून उठले.

"गाढवा, हातात जीव नाय का?" ते त्याच्यावर कडाडले. मग मुलाकडे वळले. "आन तू काय बघतो रं? तुझ्या माणसाला हात लाव की. दोघंबी एका माळेचे मणी."

मुलगा फुलं वेचायला वाकला. त्यानं बराच वेळ मान वर केली नाही.

"बोला शेठ," मला पाहून ते गोड आवाजात म्हणाले, "काय देऊ?"