तिसऱ्या ओळीत थांबलेला पाळणा

लेम्युएल प्रेदर लोकांना रडवून पोट भरायचा. लॉस एंजेलिसच्या एका स्टुडिओत कॅमेऱ्यामागे उभा राहून तो व्हायोलिन वाजवी आणि समोर नटीच्या डोळ्यांतून पाणी येई. चित्रपट मुका. त्यामुळं त्याचं वाजवणं प्रेक्षकांपर्यंत कधी पोचायचंच नाही.

एकच चाल त्यानं कामावर नेली नव्हती. घटसर्पानं गेलेल्या लेकीची, ओपलची, अंगाई. तिसऱ्या ओळीत तिला खोकल्याची उबळ येई, म्हणून तो तिथं थांबे. पुढं ते थांबणं चालीतच मुरलं. त्याची बायको कोरा भांडी घासताना तशीच गुणगुणायची, थांबून.

"ती तिथं नेऊ नकोस, लेम," ती म्हणाली होती. "माझ्याकडं तिचं तेवढंच उरलंय."

त्यानं शब्द दिला होता.

त्या सोमवारी चित्रीकरणात मरणाऱ्या बाळाच्या पाळण्यापाशी नटी मिस लव्हिना डेल कोरडीच बसून राहिली. सकाळपासून अकरा वेळा.

"काय हो प्रेदर, वरातीत वाजवताय का?" दिग्दर्शक हॅलोरन ओरडला. "जांभया देतेय ती!"

"कांदा आणा कुणीतरी," लव्हिना म्हणाली. "ह्या बुवापेक्षा बरा."

"उद्यापासून कांदाच. प्रेदर, ही शेवटची संधी."

लेमनं डोळे मिटले आणि अंगाई वाजवली. लव्हिनाचा हात आपसूक पाळण्यावर गेला. ती अशी रडली की कॅमेरा फिरवणाऱ्यानंही नाक ओढलं. हॅलोरननं तेच आणखी तीनदा करून घेतलं. नोकरी वाचली.

घरी तो काही बोलला नाही. मुक्या पडद्यावर ऐकू काय येणार?

वसंतात कोरानंच हट्ट धरला. "तुझं काम एकदा बघू दे की." दुपारचा खेळ होता. थिएटरातली पियानोवाली भलतंच काहीतरी बडवत होती. लेम निर्धास्त बसला. पडद्यावर लव्हिना पाळणा हलवू लागली, तसा कोराचा हात त्याच ठेक्यात मांडीवर हलू लागला. एक ओळ. दुसरी. तिसऱ्या ओळीत पाळणा मध्येच थांबला. खोकल्याच्या एका उबळीएवढा. मग पुन्हा हलला.

कोराचा हात मात्र हलला नाही.

"किती वेळा वाजवलीस?"

"एकदा." मग तो म्हणाला, "चारदा."

शेजारच्या रडणाऱ्या बायकांचे गुडघे ओलांडत ती बाहेर गेली.

त्यानंतर ती भांडी घासायची तेव्हा नळ तेवढा वाजायचा.